नंदाताईंना सांगितलेली रीबेची सहल

मुलुंड (पूर्व)
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय गंधू,

तुला आणि मिहिरला अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं बरे असाल. आम्हीही बरे आहोत. बाबांचा खोकला अखेर गेला, आणि त्याचं सगळं श्रेय ते स्वतःच्या काढ्याला देतात. मी दिलेल्या गोळ्यांचं नाव नाही.

अनुपमामावशीचा ओजस शनिवारी परत निघतोय. बॅगेत थोडी जागा आहे म्हणाली, म्हणून तुझ्यासाठी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि चकल्या देते आहे. चकल्या या वेळी जरा कडक झाल्यात, मोहन कमी पडलं. मिहिर काही बोलणार नाही, तू बोलशील. त्या पिशवीतच हे पत्र ठेवते.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची परवा पुन्हा मीटिंग झाली. बाबा बिल्डरच्या माणसाला तीच तीच शंका विचारत राहिले आणि शेवटी सेक्रेटरीने चहा मागवून विषय संपवला. तुळशीचं लग्न खाली सगळ्यांनी मिळून लावलं. छान झालं.

कारिनच्या कामाचं तू दर फोनवर विचारतेस. मी मालाडला जाऊन आले. पत्ता जुना होता. ती चाळ पाडून तिथे मोठी बिल्डिंग झाली आहे. फारसं काही हाती लागलं नाही, असंच तिला सांग.

इथवर लिहून मी उठले. आमटीला फोडणी घातली, बाबांना वाढलं, ओटा आवरला. परत येऊन वाचलं तर शेवटच्या चार ओळी वाचून माझं मलाच कसंतरी झालं. खोडत नाही, राहू दे. पत्ता जुना होता हे खरं. चाळ पाडली हेही खरं. हाती काही लागलं नाही, हे खोटं आहे.

गंधू, कारिनची आई मला भेटली.

फोनवर सांगितलं नाही, कारण मागच्या रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो तेव्हा तुझ्या मागच्या दारातून कारिनच आत आली. हातात कसलासा केक होता. मला बघून तिने हात हलवला आणि मोडक्यातोडक्या उच्चारात 'कशी आहेस आई' म्हणाली. तूच शिकवलेलं. मी हसले आणि कुकर झाला असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

आता नीट सांगते. रीबेपासूनच सांगावं लागेल. तू बरोबर होतीस, तुला वाटेल हिला काय झालंय, मलाच काय सांगतेय. पण तो दिवस मी मालाडला अख्खा सांगून आले, आणि सांगताना मला तो पहिल्यांदा नीट दिसला.

कारिनचा येन्स गाडी चालवत होता आणि बाबा पुढे बसून त्याला आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल सांगत होते. मागे तू, मी आणि मध्ये कारिन. येन्स म्हणाला, डेन्मार्कमधलं हे सगळ्यात जुनं गाव, आणि मला वाटलं किल्लाबिल्ला असेल. तर एवढीशी वाकडी घरं, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकल्यासारखी. दारादारात उंच फुलझाडं. दगडी रस्त्यावर माझी चप्पल सारखी अडकत होती आणि कारिनने मला न विचारता माझा हात धरला. शेजारीण म्हणून तू तिची ओळख करून दिलीस तेव्हापासून मला ती आवडली होती, पण हात धरला तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. रंग आपला, नाक आपलं. नाव कारिन. तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. मुंबईत जन्मली आणि वर्षाची व्हायच्या आत विमानात बसून तिकडे गेली.

केकच्या दुकानातलं आठवतं? काउंटरवरची मुलगी कारिनशी इंग्रजीत बोलली आणि कारिनने तिला त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. ती मुलगी लाजली. मग माझ्याकडे बघून कारिनला काहीतरी म्हणाली. तू मला सांगितलंस, 'तिला वाटलं तुम्ही दोघी मायलेकी.' आपण हसलो. कारिनही हसली, पण जरा उशिराने.

मग पुराचा तो खांब. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या कड्या ठोकलेला. बाबा सगळ्यात वरच्या कडीखाली उभे राहून येन्सला सव्वीस जुलै सांगायला लागले, कुर्ल्याला गाड्या कशा बुडाल्या वगैरे. ते दोघे तिथेच रमले आणि आपण तिघी नदीकाठच्या बाकावर बसलो. मी थालीपिठाचा डबा काढला. कारिनने लसणाची चटणी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तरी परत घेतली.

आणि तिथेच तिने विचारलं.

तू भाषांतर करत होतीस, म्हणून तिचे शब्द मला तुझ्याच आवाजात आठवतात. तिला वाढवलेली आई मार्चमध्ये गेली. ती असेपर्यंत कारिनने शोध घेतला नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून. नंतर एका शोध घेणाऱ्या माणसाने जन्मदात्या आईचं नाव आणि इथला पत्ता काढून दिला. तो म्हणाला, मी दार वाजवतो. पण परका पुरुष आईच्या दारात जाऊन उभा राहावा, हे कारिनला नको होतं. 'तुम्ही जाल का?' असं तिने मला विचारलं. मी विचारलं, भेटून तुला काय हवंय? ती म्हणाली, जाब विचारायचा नाही. ती चालते कशी, एवढं बघायचंय. माझ्यासारखं चालणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

तिथे तू भाषांतर करता करता थांबलीस. मीच तुला म्हटलं, कळलं मला.

बाबांना गाडीत बसल्यावर सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, 'उत्तरा, दुसऱ्याच्या घरात आपण का शिरायचं?' मी म्हटलं, शिरत नाहीये, फक्त दार वाजवणार. ते म्हणाले, 'दार वाजलं की घरातले सगळे बघतात.'

गेल्या आठवड्यात मंगळवारी मी गेले. मुलुंडहून बसने गोरेगाव, पुढे रिक्षा. चाळीतल्या लोकांना त्याच जागी बिल्डिंगमध्ये खोल्या मिळाल्यात, त्यामुळे नाव विचारत गेले तर वॉचमननेच मजला सांगितला. दार सुनेने उघडलं. सुलक्षणा तिचं नाव, चुणचुणीत आहे. मी म्हटलं, मुलुंडहून आलेय, नंदाताईंना भेटायचंय. 'कशाबद्दल?' म्हणाली. मी म्हटलं, जुनी ओळख आहे. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आतून त्या आल्या. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. साठीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, 'हां, या ना, किती दिवसांनी.' गंधू, त्यांनी मला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मी कशासाठी आलेय ते त्यांना काही न सांगता कळलं होतं.

मी त्यांची चाल बघितली. कारिनने तेवढंच सांगितलं होतं ना. पण त्यांचा उजवा गुडघा गेलाय, भिंतीला हात लावून लंगडत चालतात. आधी कशा चालायच्या ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

चहा झाला. नात टीव्ही बघत होती. भिंतीवर मुलाच्या लग्नाचा मोठा फोटो, सुशांत नाव त्याचं, कुरियरच्या ऑफिसात आहे. यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. मग त्या सुनेला म्हणाल्या, 'मी यांना खाली सोडून येते.' खाली पंपाच्या खोलीमागे एक सिमेंटचा बाक आहे, तिथे नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, 'बोला. कोणी पाठवलं तुम्हाला?'

मी म्हटलं, 'तुमच्या मुलीने. डेन्मार्कमध्ये असते. बेचाळीस वर्षांची आहे.'

त्यांनी पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण तेव्हा मालवणीत म्हणाल्या, 'माका म्हायत होता. कोण तरी येतला.'

मग पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'तिका थंडी लागत नाय काय थंय?'

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. रीबेच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा. वाऱ्याने केस तोंडावर आलेत आणि कारिन हसतेय. त्यांनी पदराने आधी मोबाइलची काच पुसली आणि मग बघितलं. 'केस कापल्यान,' म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, 'दात माझ्या आवशीचे.' म्हणजे त्यांच्या आईचे. फोटो पाठवू का म्हटलं तर पटकन नको म्हणाल्या. त्यांचा फोन नात खेळायला घेते.

'सांगा,' म्हणाल्या. 'त्या दिवसाचा सगळा सांगा.'

म्हणून मी सांगितलं. गाडीत कोण कुठे बसलं इथपासून. वाकडी घरं, दगडी रस्ता, पुराचा खांब, मनोरा चढताना मला दम लागला आणि कारिनने मागून पाठीला हात लावला, ते सगळं. त्या मध्येच तिच्या नवऱ्याबद्दल विचारायच्या. घोव बरो आसा मा? मारणा नाय मा? चटणी खाल्ली म्हटल्यावर विचारलं, 'तिका तिखट चलता?' चालतं म्हटल्यावर मान हलवली, जणू ते कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं. कारिनचा मुलगा सोळा वर्षांचा आहे म्हटलं, तेव्हा मात्र उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या.

सगळं सांगितलं. केकच्या दुकानात त्या मुलीला आम्ही मायलेकी वाटलो, तेवढं नाही सांगितलं. जिभेवर आलं होतं.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं, फार थोडं. कुडाळकडच्या. भाऊ गिरणीत होता, धाकू, त्याच्याकडे लालबागला आल्या. संप सुरू होता, घरात खायला नव्हतं, म्हणून एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं लावायला जायच्या. तिथल्या एका माणसाने लग्न करतो सांगितलं आणि मग कामावर यायचाच बंद झाला. भावाने एका संस्थेत नेऊन ठेवलं. मूल झालं, काही महिने दूध पाजलं. इथल्याच चांगल्या घरी जाईल असं सांगितलं होतं. पुढे लग्न झाल्यावर एकदा नवऱ्याला बाजाराचं सांगून त्या संस्थेत गेल्या, तर ती गेली म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही. 'मी दादरला, परळला जायची तेव्हा एवढ्या एवढ्या पोरींची तोंडं बघायची,' म्हणाल्या. 'ती इथे नाहीच, हे आज कळलं.'

मी म्हटलं, तिला तुम्हाला फक्त एकदा बघायचंय. ती येईल, तुम्ही सांगाल तिथे. माझ्या घरी या, मुलुंडला.

त्या म्हणाल्या, 'ताई, सुशांत माझा पहिला. सगळे तसंच म्हणतात, मीही तसंच म्हणते. त्याच्या बापालाही मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलगा वाईट नाही माझा. पण त्याला कळलं, की मी त्या घरात अशीच बसेन, तशीच जेवेन, आणि तो माझ्याकडे बघायचा नाही. मला हे वय राहिलं नाही दुसरीकडे जायचं.' आणि मग, 'मी मेलंय म्हणान सांगा तिका.'

त्यांनी माझा हात धरला. 'सांगाल ना?'

गंधू, मी मान हलवली. समोर बसलेल्या बाईला नाही म्हणणं मला जमलं नाही.

उठताना त्यांनी विचारलं, 'तुमची पण मुलगी तिकडेच ना?' मी हो म्हटलं. 'तुम्हाला जाता तरी येतं,' म्हणाल्या. त्यात राग नव्हता. पण परतीच्या बसमध्ये मला माझ्या पासपोर्टची लाज वाटली.

तेव्हापासून घरात हाच विषय आहे. बाबा म्हणतात, 'शब्द दिलास, आता पाळ. कारिन भली मुलगी आहे, तिला घर आहे, नवरा आहे. ही बाई रोज त्या खोलीत राहते.' मी म्हणते, कारिनने मार्चमध्ये एक आई पुरली. आता माझ्या तोंडून दुसरी पुरायची? तिला खोटं सांगायचं आणि मग पुढच्या खेपेला तिच्याच घरी बसून कॉफी प्यायची? बाबा म्हणतात, 'मग जाऊ नकोस.' ते असं बोलतात आणि मग तासाभराने स्वतःच चहा करून आणून देतात.

मला कळत नाहीये काय करावं. म्हणूनच वर तसं लिहिलं, की हाती काही लागलं नाही. मेली म्हणायचं नाही आणि जिवंत आहे म्हणायचंही नाही, असा मधला रस्ता. पण मग कारिन दुसरा कुणीतरी माणूस पाठवेल, आणि तो दार वाजवेल तेव्हा सुशांत घरी असेल.

आज इथेच थांबते. डोळे दुखतायत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. पुढे लिहिते.

काल सकाळी नंदाताईंचा फोन आला. त्या दिवशी मी नंबर दिला होता. त्यांनी तो 'मुलुंड ब्लाउजवाली' म्हणून ठेवलाय, असं त्यांनीच सांगितलं. भाजी बाजारातून बोलत होत्या, मागे कुणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं.

'सांगितलं का तिला?' हाच पहिला प्रश्न.

मी म्हटलं, 'नाही अजून.'

'मग सांगू नका.' 'मला जेवण जात नाही, ताई. ती तिकडे माझं सुतक धरेल. तिला कोण सांगेल कसं धरायचं ते. मी इकडे कोलंबीचं कालवण करून पोरांना वाढणार, आणि ती तिकडे माझ्यासाठी रडणार. जित्या माणसाचा सुतक तिका नको.'

'मग काय सांगू?'

'मी आसंय म्हणान सांगा. आणि येव नको म्हणान सांगा.'

मी म्हटलं, नंदाताई, दोन्ही ऐकून तिला फार लागेल.

'लागू दे,' म्हणाल्या. 'मला पण लागलं ना. पण खरं असू दे.'

मग म्हणाल्या, तिला सांगा, मी तिला टाकायला गेले नव्हते, मी तिला ठेवायला गेले होते. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, मी बरोबर ऐकलंय याची खात्री करायला. मी त्यांना म्हणूनही दाखवलं.

फोन ठेवायच्या आधी विचारलं, ते गाव, रीबे की काय, तिथे ती परत जाणार आहे का. म्हटलं, जवळच आहे, जाईल कधीही. तर म्हणाल्या, 'गेली तर फोटो काढायला सांगा. पायांपासून काढायला सांगा, नुसतं तोंड नको. तुमच्या फोनात ठेवा. मी येईन मुलुंडला ब्लाउज शिवायला.'

बाबा समोर बसून पेपर वाचत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, 'त्यांना यायला बस कुठली सोयीची पडेल, बघून ठेवतो.' एवढंच. पण मला तेवढं पुरे होतं.

तेव्हा आता तुझ्यावर टाकते, गंधू. फोनवर सांगू नकोस आणि मेसेज तर मुळीच करू नकोस. येन्स घरी असेल तेव्हा जा. आधी 'आहे' हे सांग, आणि तिला रडून घेऊ दे. मग 'येऊ नकोस' हे सांग. ती म्हणेल, मी लांबून बघेन, समोरच्या फुटपाथवरून बघेन. तिला म्हणावं, नाही. इथे तिच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळेल. पत्ता तिच्याजवळ आहे, ती येऊ शकते, आणि तिला कुणी अडवू शकत नाही. म्हणून तिला फक्त विचार, की ती थांबेल का. तिने थांबायचं ठरवलं तर ते तिने केलं, असं नंदाताईंना सांगता येईल. नाही ठरवलं तर मला आधी कळव, मी मालाडला जाईन.

ती चालीचं विचारेल. गुडघ्याचं सांग. मी खोटं काही रचून सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

मला अजूनही माहीत नाही की मी दार वाजवलं ते बरं केलं की वाईट. नंदाताई त्या दिवशी सकाळी कोथिंबीर निवडत होत्या, रोजच्यासारख्या. आता त्या घरात जपून वावरत असतील, फोन वाजला की दचकत असतील. कारिनचंही तेच होईल. हे दोघींच्या आयुष्यात मी नेऊन ठेवलं आणि मी मात्र इथे बसून तुला चकल्या पाठवतेय.

तू या वर्षी ये. तिकिटं महाग आहेत, रजा नाही, सगळं मला ठाऊक आहे. मी कधी आग्रह करत नाही, आज करते. ये आणि दोन दिवस नुसती घरात इकडून तिकडे चाल, मला बघू दे.

दुसऱ्या कुणाच्या आईचा निरोप तुझ्या हवाली करणारी,
तुझी आई